रविवार आणि खाडा

माझ्या मायची चर्चमधली रविवारची मिस्सा चुकली की ती म्हणते, "आज खाडा पडला बघ." कोयता सोडून तिला बारा वर्षं झाली. गुडघे गेले, कंबर गेली, पण कोयत्याची भाषा काही गेली नाही.

बीड जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची ती जोडीच्या नावावर. मग दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड गाडीत भरून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं आणि मार्च-एप्रिलपर्यंत ती फेडायची, तीही जोडीनंच. दोघांतलं एकजण जरी एक दिवस उसाच्या फडात उतरलं नाही, तरी खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड उचलीत चढतो. २०१९ साली आमच्याकडच्या ऊसतोड बायांची बातमी देशभर गेली, तेव्हा दिवसाला पाचशे रुपये हा दंडाचा आकडा छापून आला होता. ताप असो, बाळंतपण जवळ आलेलं असो, वहीत खाडा तो खाडाच.

म्हणजे मायच्या लेखी देवाच्याही काखेत एक वही आहे. रविवारी गैरहजर राहिलं की तोही खूण करतो.

लग्नाआधी मला हे गमतीचं वाटायचं. आता मी सात आणि तीन वर्षांच्या दोन लेकरांची आई आहे, बीडमध्ये राहते, फड मी लहानपणी पाहिला तेवढाच, आणि तरी हसू येत नाही. ज्या आज्ञेनं माणसाला थांबायचा हक्क दिला, ती माझ्या मायपर्यंत पोचेस्तोवर आणखी एक हजेरी होऊन बसली. हे कशानं झालं, ते मला बघायचं आहे.

आम्हा कॅथलिकांच्या मोजणीत ती तिसरी आज्ञा, प्रोटेस्टंट शेजाऱ्यांच्या मोजणीत चौथी. प्रभूचा दिवस पवित्र पाळ. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एवढंच घोकलं आणि त्याचा अर्थ घेतला, मिस्सा चुकवू नको. मूळ मजकूर मी फार उशिरा सावकाश वाचला. दहा आज्ञा बायबलात दोनदा येतात, एकदा निर्गमात आणि एकदा अनुवादात. निर्गमात विश्रांतीचं कारण सृष्टीच्या निर्मितीचं दिलेलं आहे, देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी थांबला. अनुवादात कारण वेगळं आहे. तिथे म्हटलंय की तू मिसरात गुलाम होतास हे आठव. विटा पाडणाऱ्या, रोजचा आकडा भरून देणाऱ्या, मुकादमाचा मार खाणाऱ्या लोकांना दिलेली ही आज्ञा आहे. सुट्टी कुणाकुणाला, त्याची यादीही दिलीय. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारात आलेला परका. दहा आज्ञांत विसाव्यासाठी बैलाची आठवण ठेवणारी ही एकच आज्ञा. टायरगाडी ओढणाऱ्या बैलांच्या खांद्यांवरची सूज जिनं पाहिलीय, तिला ही आज्ञा देवळातल्या माणसानं नव्हे, गोठ्यातल्या माणसानं लिहिली असं वाटल्याशिवाय राहत नाही.

पण यादी पुन्हा वाचा. मुलगा आहे, मुलगी आहे, मोलकरीण आहे, गाढवही आहे. बायको नाही.

विद्वान सांगतात, ती 'तू' मध्ये धरलेली आहे. असेलही. पण घरात कुणाला कशात धरलेलं असतं हे आम्हाला ठाऊक आहे. कोयत्याच्या उचलीतही माय बापाच्या नावात धरलेली असायची. पैसे मोजून घ्यायला बाप जायचा आणि फेडायला दोघं.

हा रविवार महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्यांना चर्चनं दिला नाही, हेही सांगायला हवं. आमच्यातल्या पुष्कळांना तो चर्चनंच दिला असं उगाच वाटतं. साहेबाचा रविवार साहेबापुरता होता. गिरणी कामगाराला तो नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिला. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांची बाजू मांडत होते. रविवार हवा, कारण तो खंडोबाचा वार, असं त्यांचं म्हणणं. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केलं. रोमहून पोप तेरावे लिओ ह्यांचं 'रेरुम नोव्हारुम' हे कामगारांविषयीचं पत्र निघालं ते १५ मे १८९१ रोजी, म्हणजे जवळपास वर्षभरानं. त्यात रविवारच्या विश्रांतीचा हक्क ठणकावून सांगितला आहे. खंडोबा अकरा महिने आधी पोचला होता. मला ह्यात कमीपणा वाटत नाही. आज्ञा आपली असली की ती पाळणारेही आपलेच असतात, असं थोडंच आहे?

पण लिओंच्या त्याच पत्रात दुसरीही एक गोष्ट आहे. काही कामं बायकांना शोभत नाहीत, स्त्री ही स्वभावतःच घरकामासाठी, असं त्यात म्हटलं आहे. हेतू चांगला होता, खाणीत आणि गिरणीत बायकांचे हाल चालले होते. परिणाम मात्र असा की एकाच पत्रानं पुरुषाला कारखान्यातून रविवारी घरी पाठवलं आणि बाईला ज्या घरी पाठवलं तिथं रविवारच नव्हता. उलट सगळे घरी असल्यामुळे त्या दिवशी दोन भाकरी जास्तच.

आता फडावर या. मराठवाड्याचा आमचा धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला, पण इथला कॅथलिक त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सालियन फादर घोगरगावला निजामाच्या मुलखात येऊन राहिले, पलीकडे नगर जिल्ह्यात जेझुइट फादर होते. गावोगाव मास्तर नेमले, शाळा आणि प्रार्थना एकाच खोलीत चालायच्या. चर्चमध्ये आले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे, भूमिहीन, म्हणून आजही आमच्यातल्या कितीतरी घरांना कोयता चुकलेला नाही. चर्चचं पंचांग मात्र घरात राहणाऱ्या माणसांसाठी बनवलेलं आहे. आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार हे सगळं दरवर्षी गाळप हंगामात येतं. पुनरुत्थानाचा सण मागेपुढे होतो, पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम लवकर संपला, तर गावात सापडतो. आमच्या वाट्याला निवांतपणे येते ती सप्टेंबरातली हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा, आणि तेव्हा मुकादमाची उचल घेऊन झालेली असते. हरेगाव हेही साखरेचंच गाव, बेलापूर कंपनीच्या जुन्या कारखान्याचं. मतमाउली साखर कारखान्याच्या सावलीतच बसलेली आहे, ह्याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय.

फडावरचा नाताळ मी तीनदा पाहिला. दर नाताळात कुठे ना कुठे कोपीची, म्हणजे तळावरच्या झोपडीची, तुलना बेथलेहेमच्या गोठ्याशी होते. मला ती आवडत नाही. त्या गोठ्यात मरिया एक रात्र होती आणि भेटायला मेंढपाळ आले, तीन ज्ञानी आले. कोपीत बाई पाच महिने असते आणि भेटायला मुकादम येतो. आम्ही नाताळाला काय केलं ते सांगते. मायनं पहाटे तीनला उठून भाकरी थापल्या, चार भाकरींना गूळ जास्त लावला, आम्हाला झोपेतच कपाळावर क्रूस काढला आणि अंधारात फडाकडे गेली. जपमाळ पदराच्या गाठीत. मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवताना हात मोकळे नसतात, म्हणून ती रात्री भरलेल्या गाडीमागे कारखान्याकडे चालताना माळ ओढायची. बैलांच्या घुंगरांवर तिची 'नमो मरिया' चालायची. तान्ह्या भावाला मी सांभाळायची. मी तेव्हा आठ वर्षांची.

ह्याला कुणी सुंदर म्हणावं, तर मी भांडत नाही, सुंदर होतंच. पण त्या सौंदर्याला मी घाबरते. कारण ते दिसलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, की ही बाई नाताळच्या दिवशी बसली का नाही.

बसण्याची किंमत काय ते २०१९ मध्ये आकड्यांत बाहेर आलं. त्या जूनमध्ये सरकारनं विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नंतर नीलम गोऱ्हे ह्यांच्या समितीसमोर सर्वेक्षण आलं, त्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. ह्या सगळ्या शस्त्रक्रिया एका कारणानं झाल्या नाहीत. कमी वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, फडात ना न्हाणी ना संडास, त्यातून होणारे संसर्ग, कॅन्सरची भीती घालणारे खासगी दवाखाने, हे सगळं त्यात आहे. पण बायांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं एक कारण साधं होतं. महिन्याचे चार दिवस अंगावर येतात, आणि ते चार दिवस म्हणजे खाडा.

गर्भाच्या पावित्र्यावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत, आणि ती मला पटतात. पोटातलं लेकरू माणूस आहे, ह्याबद्दल माझ्या मनात संशय नाही. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या, तिथल्या आईनं तरी ह्या बाबतीत मऊ राहू नये. पण ज्या गर्भाशयात ते लेकरू वाढतं त्याच्या थकव्यावर एकही प्रवचन माझ्या कानी आलेलं नाही. जिवाची बाजू घ्यायची तर खाड्याची वही उघडावी लागते, आणि वही उघडली की प्रश्न साखरेच्या दरापर्यंत जातो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, चांगलं झालं. पण मजुरी टनावर असेल तर दर कितीही वाढो, थांबलेल्या दिवसाची किंमत शून्यच.

कुणी म्हणेल, तू तर शहरात आहेस, फडाचं दुःख कशाला पांघरतेस? बरोबर आहे. माझं दुःख त्या मापाचं नाही. पण माझा रविवार सांगते, मग ठरवा.

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि वैऱ्यासारखा नेमका रविवारी. पहाटे टाक्या भरायच्या. मग लेकरांची आंघोळ, इस्तरीचे कपडे, धाकट्याचा एक बूट शोधायचा. नवरा मोटारसायकल पुसून तयार, हॉर्न वाजवतो. वाईट माणूस नाही तो, माझ्याहून नेमानं प्रार्थना करतो. मिस्सेत प्रवचन सुरू झालं की दहाव्या मिनिटाला धाकटा सुरू होतो आणि मी त्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात. गेली सात वर्षं मी एकाही प्रवचनाचा शेवट ऐकलेला नाही. सुरुवाती मात्र भरपूर माहीत आहेत. घरी आल्यावर पाहुणे, मटण, भांडी. दुपारी नवरा झोपतो, कारण रविवार आहे. रात्री लेकरांना बसवून क्रूसाची खूण, 'हे आमच्या बापा', जेवणाआधीची प्रार्थना मी शिकवते, कारण आई ही पहिली धर्मशिक्षिका.

हे वाक्य मी फार ऐकलंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं, आणि त्याच वाक्यात धर्माचे पहिले शिक्षक म्हणून आईबाप दोघांची नावं घेतली. आमच्याकडे पोचेपर्यंत त्यातला बाप गळून पडला. तो का गळला हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. आईला देव्हाऱ्यात बसवलं की तिच्या हातातलं काम कुणी काढून घेत नाही, उलट ते पवित्र होतं. आणि पवित्र काम वाटून कसं घ्यायचं?

चर्चचा कायदा ह्या बाबतीत वाटतो त्यापेक्षा शहाणा आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की आजारपण किंवा तान्ह्या मुलांची देखभाल असेल तर रविवारच्या मिस्सेचं बंधन उरत नाही. हे मला पस्तिशीला कळलं. माझ्या मायला कुणीच सांगितलं नव्हतं, ती फडात कामाला जुंपलेली असतानाही मनात खाडे मांडत बसली. रविवारी कामं टाळावीत, ती केवळ उपासनेसाठी नव्हे तर शरीराला आणि मनाला विसावा मिळावा म्हणून, असंही चर्चचा कायदा म्हणतो. म्हणजे दोन गोष्टी आहेत, मिस्सा आणि विसावा. लहान लेकरांच्या आईला सूट मिळते ती मिस्सेतून. स्वयंपाकातून, धुण्यातून, व्हरांड्यातून नाही. देवाकडून तिला रजा मिळू शकते, घराकडून नाही. हे उलटं व्हायला हवं होतं, असं माझं म्हणणं आहे. तिला मिस्सेला बसू द्या आणि बाकीच्यातून सूट द्या.

इथे मार्था आणि मरिया येणारच, मला माहीत आहे. लूकच्या शुभवर्तमानात मार्था रांधतेय, मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकतेय, मार्था कुरकुरते तर येशू तिलाच समजावतो की मरियेनं चांगला वाटा निवडला. ह्या उताऱ्यावर बाया गप्प बसतात आणि घरी जाऊन भाकरी थापतात. येशूनं मरियेला बसायचा हक्क दिला हे खरंच मोठं होतं, त्या काळात बाईला गुरूच्या पायाशी कोण बसू देत होतं! पण जेवण कुणी केलं, हा मार्थाचा प्रश्न तिथे तसाच राहिला.

त्याचं उत्तर मला आधी आमच्या गोदावरीकाठी सापडलं. गंगाखेडची जनाबाई, परळीहून फार लांब नाही. तिच्या कथेत विठ्ठल तिला म्हणत नाही की जनी, दळण सोड आणि माझं ऐक. तो येतो आणि जात्याचा खुंटा धरतो. शेण्या वेचतो, पाणी भरतो. ही कथा मी कॅथलिक बाई म्हणून सांगते ह्यात कुणाला वावगं वाटेल, पण तिनंच मला योहानाचा शेवटचा अध्याय नीट वाचायला लावला. पुनरुत्थान झालेला येशू तिबेरियाच्या काठावर पहाटे काय करतोय? निखारे पेटवून मासे भाजतोय, भाकरी ठेवलीय, आणि रात्रभर जाळं ओढून दमलेल्यांना न्याहारीला बोलावतोय. मरणावर विजय मिळवून आलेल्या देवानं आधी चूल पेटवली. मार्थाला ही न्याहारी कुणी सांगितली असेल का?

माझ्याच ओळखीतल्या एका सिस्टरनी माझं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कष्ट देवाला अर्पण करायचे असतात, त्यातून कृपा मिळते. मी त्यांचा मान राखते, त्या स्वतः खपतात. पण अर्पण करायला वस्तू आधी आपली असावी लागते. खाड्याच्या धाकानं केलेला दिवस बाईचा नसतोच, तो मुकादमाचा असतो, तो ती देवाला कुठून देणार? जिला थांबता येतं, तिचंच काम अर्पण होऊ शकतं.

दुसरा आक्षेप माझ्या शेजारणीचा, ती वंजारी, तिची जाऊ अजून कोयत्यावर. ती म्हणाली, "ताई, हे तुमच्या चर्चचं कशाला, सगळ्याच बायांचं आहे की." आहेच. तिच्याही घरी रविवार नाही, पलीकडच्या मुस्लिम वहिनींच्याही नाही. पण आमच्याकडे लिखित आज्ञा आहे, दगडी पाटीवरची. ज्याच्याकडे करारपत्र आहे त्यानं आधी पाळावं, मग शेजाऱ्याला सांगावं.

आणि पाळायचं म्हणजे काय, तर फार अवघड काही नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात बाप्यांनी बसावं, शिकवायला. व्हरांड्यात लेकरू घेऊन फिरणारे काही पुरुषही असावेत. हंगामात एखाद्या रविवारी मिस्सा कारखान्याच्या तळावर व्हावी, आणि कुठे होत असेल तर तिथे फादरांनी प्रवचनाऐवजी मुकादमाला विचारावं, आज खाडा धरणार का. कारखान्याच्या संचालकांच्या लेकरांना आमच्या शाळांत प्रवेश हवा असतो, तेव्हा हा प्रश्न विचारायची जागा आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. दंड आईच्या विसाव्यावर लागतो, तोवर आपण जिवाची बाजू अर्धीच घेतलेली असते.

गेल्या आगमनकाळातल्या दुसऱ्या रविवारी मी नवऱ्याला सांगितलं, आज दोन्ही लेकरं पुरुषांच्या बाजूला. तो काही बोलला नाही, धाकट्याची पाण्याची बाटली तेवढी मागून घेतली. मी मायजवळ सतरंजीवर बसले. पहिलं वाचन झालं, शुभवर्तमान झालं, प्रवचन सुरू झालं. ह्या वेळी शेवटपर्यंत ऐकायचं असं मी ठरवलं होतं. दहाव्या मिनिटाला पलीकडून धाकट्याचा आवाज आला, आणि एक माणूस त्याला उचलून व्हरांड्यात गेला. मी मान वळवली नाही.

पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा सगळे गुडघ्यांवर होते, घंटा वाजत होती, आणि माझं डोकं मायच्या खांद्यावर होतं. प्रवचनाचा शेवट ह्याही वेळी हुकला. मी धडपडून उठायला लागले, तर मायनं हात धरून खाली दाबलं. "निज गं," ती पुटपुटली, "ह्याला खाडा धरत नाहीत."